कोपरा फाडलेलं कार्ड

ओतूरच्या बँकेतल्या साहेबांनी हिराची फाइल उघडली, वरचा कागद हातात घेतला आणि तो वाचायच्या आधी निवांतपणे चष्मा पुसला. हिरा समोर बसून ते बघत होती. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकणारी पोरगी, गणिताच्या पेपरला कधी न घाबरलेली. पण बँकेतल्या त्या लोखंडी खुर्चीवर बसली की तिच्या तळहातांना घाम सुटायचा.

कागदावर लिहिलं होतं की बँकेचा माणूस आणे गावच्या वस्तीवर पाहणीला गेला असता घराला कुलूप आढळलं. शेजारच्या बाईने सांगितलं की घरचे सगळे मेंढरं घेऊन गेलेत, आता जेठ महिन्याशिवाय येणार नाहीत आणि कुठं आहेत ते देवाला ठाऊक. सबब अर्जदाराच्या कुटुंबाचा ठावठिकाणा नाही, शिक्षणकर्जाची शिफारस करता येत नाही.

आता काय बोलावं या माणसाला! डिसेंबर महिन्यात मेंढपाळाच्या दाराला कुलूप नसेल तर काय तोरण असेल? आणे पठारावर दिवाळी झाली की माणसांनाच प्यायला पाणी पुरत नाही, तिथं साठ-सत्तर मेंढरं काय दगड चाटतील? हिराचा बाप राघू आणि आई सरुबाई दरसाल दिवाळीनंतर वाडा घेऊन निघायची. वाडा म्हणजे मेंढरं, घोडं, कुत्री आणि पाठीवरचा संसार. खाली पाण्याच्या मुलखात कुणाच्या मोकळ्या रानात मेंढरं बसवायची, खताच्या बदल्यात धान्य घ्यायचं, पुढं सरकायचं. पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललेलं. पण बँकेच्या छापील फॉर्मात घर या रकान्यापुढं एकच ओळ होती, आणि चालत्या घराचा पत्ता त्या ओळीत कसा लिहायचा ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

साहेब काही वाईट माणूस नव्हता. त्याने समजावून सांगितलं की सोमवारी दुपारी चारच्या आत वडील स्वतः समोर आले, सह्या-अंगठे झाले आणि राहत असल्याचा तलाठ्याचा दाखला मिळाला, तर तो त्याच दिवशी मंजुरी टाकील. नाहीतर फाइल पुण्याच्या मोठ्या ऑफिसला परत जाणार. एकदा गेलेली फाइल उन्हाळ्याआधी यायची नाही. आणि कॉलेजने तर नोटीसच लावली होती, उरलेली फी भरल्याशिवाय परीक्षेचा फॉर्म घेणार नाही म्हणून. त्याची शेवटची तारीख बुधवारची. म्हणजे सोमवार गेला की परीक्षा गेली, वर्ष गेलं. पहिली अर्धी फी भरायला बापाने तीस मेंढरं विकली होती, आणखी तीस विकली तर वाडाच उरत नव्हता. हिरा बँकेच्या पायऱ्या उतरली तेव्हा तिला आपण घरी पठारावर बसलोय, कुणीतरी बघायला आलंय आणि आपल्या हातात चहाचा ट्रे आहे असं दिसायला लागलं.

तो गुरुवार होता, दोन हजार दोन सालातला. हातात चार दिवस, आणि कामं दोन. तलाठी आण्याला फक्त शुक्रवारी बसायचा, तेव्हा दाखल्यासाठी तिला तिकडं जाणं भागच होतं. आणि बाप होता आंबेगावच्या बाजूला, घोड नदीच्या खोऱ्यात कुठंतरी. नेमका कुठं, ते पोस्टाला कधीच कळलं नव्हतं. ते फक्त मंचरच्या गेणभाऊंना कळायचं. गेणभाऊंचं पेंड, दोरखंड आणि जनावरांच्या औषधाचं दुकान होतं, आणि सगळ्या वाड्यांच्या चिठ्ठ्या-निरोप त्यांच्या गल्ल्याखालच्या खणात पडायचे. वाड्यातलं कुणी पेंड न्यायला आलं की घेऊन जायचं. म्हणजे निरोप पोचायला आठ दिवस, कधी दहा.

दहा दिवस! हिराने एसटी स्टँडवर बसून कार्ड लिहिलं, बारीक अक्षरात, सगळं नीट समजावून. मग ते हातात धरून नुसती बसली. आणि तिला आपल्या आज्ज्याची आठवण झाली.

आज्जा वारला तेव्हाही कार्डच पाठवलं होतं, कोपरा फाडून. मयताच्या कार्डाचा एक कोपरा फाडायचा, म्हणजे घेणाऱ्याला वाचायच्या आधीच कळतं. असलं कार्ड घरात नेत नाहीत, उंबऱ्याबाहेर वाचतात आणि तिथंच फाडून टाकतात. पण आज्ज्याचं ते कार्ड कुणाच्या तरी खणात पडून राहिलं, आणि राघूच्या हाती लागलं तेव्हा बापाचा तेरावाही होऊन गेला होता. त्यानंतर राघूने वाटेवरच्या सगळ्यांना हात जोडून सांगून ठेवलं होतं, की बाबांनो, बाकीचे निरोप पडू द्या, पण कोपरा फाटलेलं कार्ड आलं तर घटकाभर ठेवू नका, हातातलं काम टाकून पोचवा. गेणभाऊंनी त्याला तसा शब्द दिला होता.

हिराने इकडं तिकडं बघितलं आणि कार्डाचा उजवीकडचा कोपरा फाडला.

तिला स्वतःच्या हुशारीचं कौतुकच वाटलं, खोटं कशाला सांगा. आत तर सगळं खरं लिहिलेलं आहे, वाचलं की झालं. कांद्याचा टेम्पो घेऊन मंचरला निघालेल्या भगवंत ड्रायव्हरच्या हातात तिने ते कार्ड पालथं ठेवलं. भगवंताने कोपरा बघितला, एक शब्द विचारला नाही, कार्ड टोपीत खोवलं आणि टेम्पो चालू केला. हिरा आण्याच्या गाडीत बसली, आणि आळेफाटा येईपर्यंत तिला चक्क झोप लागली.

वस्तीवर झुंबरबाई दारातच भेटली. हीच ती शेजारची बाई, जिने बँकेच्या माणसाला खरं तेच सांगून घोटाळा करून ठेवला होता. म्हातारी ऐंशीला टेकलेली, वस्तीवर मागं राहणारी एकटीच. हिराने तिला बँकेचं सांगितलं तेव्हा तिने कपाळावर हात मारून घेतला, माझ्या जिभेला हाड न्हाई म्हणाली. मग हिराने तिची समजूत काढायला कार्डाचं सांगितलं, कसा कोपरा फाडला, कसं ते उद्यापर्यंत पोचणारच. सांगताना हसलीसुद्धा.

झुंबरबाई हसली नाही. हातातलं सूप तिने खाली ठेवलं.

"पोरी, तुझ्या बापाला वाचता येतं का?"

"न्हाई येत. पण कुणीतरी वाचून दाखवंलच की, आत्या."

"वाचायची गरज काय त्याला?" म्हातारी म्हणाली. "आज्जा गेला, आज्जी गेली. तुझी आई त्याच्यासंगंच हाय. मागं ऱ्हायलंय कोण त्याचं? तू एकलीच."

म्हातारी पुढं काहीतरी बोलत होती, ते हिराच्या कानात शिरेना. कार्डाचा फाडलेला तिकोनी तुकडा अजून तिच्या पर्समध्ये होता. तिने तो काढून बघितला, जणू परत चिकटवता येणार होता. आळेफाट्याकडची शेवटची गाडी अर्ध्या तासापूर्वी गेली होती.

ती रात्र कशी गेली ते सांगण्यात अर्थ नाही. सकाळी पहिली गाडी सातला, आणि तलाठी येणार दहाला. दाखला घ्यायला थांबावं तर कार्ड पुढं पळणार, कार्डामागं धावावं तर दाखला जाणार, आणि दाखल्यावाचून सोमवारी बापाला उभं करूनही उपयोग नव्हता. हिराने फार विचार केला असं म्हणता येणार नाही. सातच्या गाडीला ती दारात उभी होती. गाडी हलताना झुंबरबाई पदर खोचून मागून ओरडली, तलाठ्याचं मी बघते, तू जा. पण ऐंशीच्या म्हातारीला तलाठी दाखला देईल यावर कोण विश्वास ठेवणार?

आळेफाट्याच्या बूथवरून तिने मंचरला फोन लावला, गेणभाऊंच्या शेजारच्या दुकानात. गेणभाऊंना बोलावून आणेपर्यंत मीटरचे आकडे पळत होते. शेवटी फोनवर आलं ते दुकानातलं कुणीतरी भलतंच, आणि त्याने सांगितलं की कार्ड काल दुपारीच आलं आणि दुपारीच गेलं. "तसलं कार्ड दुकानात ठेवतो व्हय आमी?" तो म्हणाला आणि फोन ठेवला.

नारायणगाव गेलं, कळंब गेलं. दोन्हीकडं ऊस उभा होता, तोडणीच्या टोळ्यांची खोपटं पडली होती, बायका कांद्याची रोपं घेऊन चालल्या होत्या. रोजचं सगळं जिथल्या तिथं चाललेलं बघून हिराला आणखीच भीती वाटायला लागली. मोजून बघितलं तर कार्ड तिच्या पुढं अर्धा दिवस होतं. साधं असतं तर अजून त्या खणात पडलेलं सापडलं असतं. तिनेच त्याला पाय लावून दिले होते.

मंचरला गेणभाऊ दारातच पेंडीचं पोतं मोजून देत होते. त्यांनी हिराला बघितलं आणि तागडीवरचा हात तसाच राहिला. आधी त्यांनी तिच्या पायांकडं बघितलं, पावलं सरळ आहेत की उलटी ते. पांढऱ्या केसांचा, जगाचा अनुभव घेतलेला माणूस, पण भर बाजारात सकाळी दहा वाजता त्याने खरंच पायांकडं बघितलं. मग धपकन पोत्यावर बसले.

झालं होतं ते असं. कार्ड हाती पडताच गेणभाऊंनी ते वाचलं नाही. दुसऱ्याच्या घरचं मयत आपण कशाला वाचा, हा शिरस्ता. पण राघूच्या मागं कोण उरलंय ते त्यांना ठाऊक होतं, तेव्हा हिशोब त्यांनी मनाशी जुळवला. स्वतःच्या पुतण्याला मोटरसायकलवर घोडेगावकडं पिटाळलं, आणि सोबत तोंडी निरोप दिला की राघूला एकट्याला सोडू नका, लेकीचं कार्ड आहे. भला माणूस! शब्द पाळायला गेला आणि कार्डाच्या आधी बातमीच धाडून मोकळा झाला. आता ते सारखे एकच म्हणत होते, की माझं तोंड जळो. हिराने त्यांना तोंड जाळायलाही वेळ दिला नाही. वाडा कुठं आहे एवढं विचारलं आणि घोडेगावच्या जीपमध्ये शिरली.

घोडेगावच्या पुढं भिका नावाच्या शेतकऱ्याच्या रानात वाडा बसला होता. बाजरी काढून मोकळं झालेलं रान, मधे मेंढरांभोवती जाळीची वाघर लावलेली. जीपवाल्याने सोडलं तिथून ती बांधाबांधाने पळत निघाली. दुपारचे बारा वाजले होते, मेंढरं अजून वाघरीतच होती. चरायला सोडलेली नव्हती. चुलीतून धूर नव्हता. हे दोन्ही लांबूनच दिसलं आणि ती आणखी जोरात पळायला लागली. कुत्र्यांनी तिला आधी ओळखलं, भुंकत आली आणि पायांत घोळायला लागली.

सरुबाई चुलीपाशी पाठ करून बसली होती. डोक्यावरचा पदर मागं पडलेला, केस सुटलेले. कुत्र्यांच्या आवाजाने तिने मान वळवली. हिरा "आई" म्हणाली तरी ती उठली नाही. नुसती बघत राहिली. हिरा जवळ जाऊन बसली तेव्हा तिने लेकीच्या तोंडावरून हात फिरवला, गाल चाचपले, कानातली फुलं चाचपली. आणि मग फाडकन एक थोबाडीत मारली. एवढ्या जोरात, की हिरा मागं कलली. पुढच्या क्षणी तिने तिला इतकं घट्ट आवळलं, की दोघींनाही श्वास घेता येईना.

"आबा कुठं हाईत?" हिराने विचारलं.

"तुझा बाप तुला आणाया गेलाय," सरुबाई म्हणाली. "पुण्याला."

मग हळूहळू सगळं कळलं. काल सांजच्याला गेणभाऊंच्या पुतण्याने भिकाकडं कार्ड दिलं, आणि भिकाने ते वाड्यावर आणलं होतं. भिकाला वाचता येत होतं, तो म्हणालाही, वाचू का राघूभाऊ? राघू वाघरीबाहेर उभा होता. त्याने बोटाने कार्डाच्या कडा चाचपल्या, फाटलेल्या जागी बोट थांबलं, आणि तो नको म्हणाला. एकच लेक हाय मागं, म्हणाला, तिचं नाव तुमच्या तोंडून असं ऐकायचं न्हाई मला. भिकाने पुन्हा विचारायची हिंमत केली नाही. उजाडताच राघूने दहा मेंढरं व्यापाऱ्याला म्हणेल त्या भावात दिली, जीप ठरवली आणि गेला. हिरा मंचरला एसटीतून उतरत होती, तेव्हा ती जीप बहुतेक तिच्या समोरूनच गेली असणार.

आणि कार्ड? सरुबाईने रानाच्या कडेला बोट दाखवलं. बांधावर एक दगड होता, त्याच्याखाली ते ठेवलेलं. फाडायला हात झाला नव्हता, आणि आत आणायचं नव्हतं. हिराने दगड उचलला. दवाने शाई जराशी पसरली होती, पण वाचता येत होतं. आबा, बँकेचे साहेब म्हणतात वडील समोर पाहिजेत. सोमवारी चारच्या आत ओतूरला या. दोन फोटो काढून आणा. आईला काळजी करू नको म्हणावं. मी बरी आहे.

कुणीही वाचलं नव्हतं. इतक्या हातांतून गेलं, आणि कुणीही वाचलं नव्हतं!

घोडेगावच्या बूथवरून तिने होस्टेलला फोन केला. तिच्या खोलीतली आरती फोनवर आली. आरतीने सांगितलं की एक धोतरवाले, खांद्यावर घोंगडी घेतलेले म्हातारे येऊन गेले. रेक्टर मॅडमनी त्यांना सांगितलं की हिरा बुधवारीच गावाकडं गेली, दोन दिवस इथं नाही. ते ऐकून ते खालीच बसले, मग त्यांनी फक्त एवढंच विचारलं, सरकारी दवाखाना कुठल्या बाजूला. आरती म्हणाली, मला वाटलं त्यांची तब्येत बरी नाही. हिराने फोन ठेवला. बूथवाल्याने उरलेले पैसे पुढं केले, ते तिने घेतलेच नाहीत.

पुण्यापर्यंतच्या त्या प्रवासात तिला सोमवार आठवला नाही, बँक आठवली नाही. खेडच्या घाटात गाडी अडकली तेव्हा ती जागेवर उभीच राहिली. कंडक्टर म्हणाला, बसा ताई, उभं राहून गाडी लवकर पोचत न्हाई. तिला एकच दिसत होतं. बाप साठीचा, डोंगर चढणारा, पण काळीज केवढं ते तिला माहीत होतं. आज्ज्याच्या वेळी तो तीन दिवस बोलला नव्हता. आणि त्याला या शहरात रस्ता ओलांडता येत नव्हता.

दिवेलागणीला ती दवाखान्यात पोचली. विचारत विचारत मागच्या इमारतीकडं गेली, जिथं कुणीच विचारून जाऊ नये. व्हरांड्यात लोक बसले होते, कुणी रडून दमलेले, कुणी अजून वाट बघणारे. शेवटी खांबाला टेकून राघू बसला होता. मांडीवर घडी घातलेली घोंगडी, घोंगडीवर नवं कोरं पांढरं कापड, दुकानाच्या कागदासकट.

हिरा त्याच्यासमोर उभी राहिली. त्याने वर बघितलं आणि परत खाली बघितलं. दिवसभर त्याला तीच दिसत असणार, तेव्हा ही एक आणखी. मग त्याने हात पुढं केला आणि तिच्या पायाचा अंगठा धरला. दाबून बघितला. गरम होता. तो तसाच धरून बसला, आणि हिरा त्याच्यापुढं खाली बसून रडायला लागली, तरी त्याने तो सोडला नाही.

"तीन पोरी दाखवल्या मला," राघू म्हणाला. आवाज त्याचा वाटतच नव्हता. "दोन न्हाई म्हणून सांगितलं. तिसरीपाशी लई येळ उभा ऱ्हायलो. तूच वाटलीस."

हिराने पर्समधून कार्ड काढलं आणि तिथं, त्या व्हरांड्यात, त्याला वाचून दाखवलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. का फाडलं तेही सांगितलं. वाटलं, तो हात उगारेल. आईने उगारला होता. तो फक्त ऐकत राहिला आणि मग म्हणाला, ते शेवटलं पुन्यांदा वाच.

"मी बरी आहे," हिराने वाचलं.

त्याने मान हलवली. उठला, गुडघ्यावर हात देऊन. ते पांढरं कापड घेऊन आत गेला, तिथल्या माणसाला देऊन आला. त्या तिसऱ्या पोरीचं कुणी आलं न्हाई अजून, म्हणाला, तिला ऱ्हाऊ द्या. मग दोघं चालत बाहेर आली. रस्ता ओलांडताना त्याने तिचा हात धरला. पुण्यात राहून वाहनांना सरावलेल्या पोरीला त्या दिवशी रस्ता ओलांडता आला नाही, बापानेच नेलं.

सोमवारी तीन वाजता दोघं ओतूरच्या बँकेत होती. हिराने मनाची तयारी केली होती, की दाखला नाही म्हणून साहेब फाइल मिटवणार. पण बाकड्यावर झुंबरबाई बसलेली! शुक्रवारी दहापासून तलाठ्याच्या दारात ठाण मांडून बसली होती म्हणे, त्याला जेवायलाही उठू दिलं नाही, आणि मी बँकेला काय खोटं सांगितलं, ही वस्तीवरलीच माणसं, असं शंभरदा ऐकवून शेवटी दाखला घेऊनच उठली. सोमवारी पहाटे निघून ओतूरपर्यंत एकटी आली. हिराने तिच्या पायावर डोकं ठेवलं, तर म्हणाली, आता बँकेचा कुणी आला तर म्या तोंड उघडणार न्हाई.

साहेबांनी कागद पुढं सरकवले. सात ठिकाणी अंगठा होता. राघूचा हात इतका थरथरत होता, की दुसरा अंगठा पुसट आला आणि परत घ्यावा लागला. साहेबांना ती बँकेची भीती वाटली. पोरीने फेडलं नाही तर तुमच्यावर येईल हे समजलंय ना, असं त्यांनी विचारलं, आणि तो हो म्हणाला. मग साहेब सहज म्हणाले, की बघा, माणूस ठरवलं तर वेळेत येतो. मुलीचं पत्र मिळालं होतं ना?

"मिळालं साहेब," राघू म्हणाला. "लवकर मिळालं."

मंजुरी त्याच दिवशी पडली. बुधवारी हिराने परीक्षेचा फॉर्म भरला. वर्ष वाचलं, आणि पुढची तीन वर्षं बँकेचा हप्ता दरसाल कॉलेजात येत राहिला. दोन हजार सहामध्ये ती पास झाली. मार्क चांगले होते, पुढं एम.ई.ला जा म्हणून सर मागं लागले होते. तिने ऐकलं नाही. भोसरीतल्या एका कारखान्यात मिळाली ती पहिली नोकरी तिने धरली, पगार बेताचा असूनही. फेडीचे हप्ते सुरू होणार होते, आणि बँकेचं कुठलंही पत्र आबांच्या नावाने वस्तीवर जाता कामा नये, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं. पुढचं शिक्षण राहून गेलं ते राहूनच गेलं.

या चार वर्षांत तिने गेणभाऊंकडं पाठवलेलं प्रत्येक कार्ड साधंच होतं. पण राघू ते आधी हातात घ्यायचा आणि अंगठा चारी कोपऱ्यांवरून फिरवायचा, एकेका कोपऱ्यावर थांबून. मग म्हणायचा, वाचा आता.

दिवाळीनंतर नोकरी लागल्याचं कार्ड तिने टाकलं, त्याला पाच-सहा दिवस झाले असतील. कारखान्यातली पाळी सुटली आणि ती फाटकाबाहेर आली, तर समोरच्या झाडाखाली खांद्यावर घोंगडी टाकून राघू उभा. आईला काही झालं का, तिने धावत जाऊन विचारलं. काही झालं नव्हतं. कार्ड काल मिळालं, चारी कोपरे शाबूत होते, भिकाने दोनदा वाचून दाखवलं होतं.

"मग एवढ्या लांब कशाला आलात, आबा?"

तो तिच्या पायांकडं बघत होता.

"बघून जावं म्हणलं," तो म्हणाला, आणि परतीची गाडी कधी आहे ते विचारायला लागला.